दोषाचे ठिपके

पडद्यावर पान उमटलं तशी सभागृहातली कुजबुज थांबली.

नोएडातलं ते लग्नाचं सभागृह. आदल्या रात्रीच्या लग्नातला झेंडू अजून कोपऱ्यात झाडून ठेवलेला होता आणि नवरानवरीच्या कोचाच्या जागी पांढरं आसन घातलं होतं. आसनापुढे काचेची पाटी, पाटीखाली प्रखर दिवा, वर कॅमेरा. पाटीवर ठेवलेलं पान मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दिसत होतं. उजेडात त्याची शीर न् शीर उठली होती, आणि शिरांच्या मधल्या जागेत सगळीकडे काळे ठिपके होते. बारीक, टाचणीच्या टोकाने शाई टोचावी तसे.

"गिन लो," पर्णसिद्ध महाराज माइकवर म्हणाले. "जितने बिंदु, उतने दोष. मैंने नहीं डाले. आपके माथे से निकले हैं."

ज्याच्या माथ्यातून ते निघाले होते तो पन्नाशीचा गृहस्थ पाटावर हात जोडून बसला होता. कपाळ ओलं, शर्टाच्या खिशाला ऑफिसचं ओळखपत्र. स्वतःचे दोष भिंतीवर बघून तो रडायलाच लागला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी दुपट्टे डोळ्यांना लावले.

"डॉक्टर बोलता है. मशीन बोलती है. रिपोर्ट बोलती है." महाराजांनी आवाज खाली आणला. "बोलने वाला झूठ बोल सकता है. पत्ता चुप रहता है. इसलिए पत्ता सच्चा है."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नीरजाने हाताची घडी सोडली नाही. न बोलणारा खरा, तर मग बाजारातला भोपळा हरिश्चंद्र म्हणायचा, असं तिच्या मनात आलं.

नीरजा गाझियाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुणं सोडून तिला वीसेक वर्षं झाली होती. तिच्यामागून धाकटा भाऊ सिद्धांत नोएडातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामावर आला आणि संसार थाटून इथलाच झाला. आज त्यानेच तिला आग्रहाने इथे आणलं होतं. त्याच्या मुलीची, तेरा वर्षांच्या अबोलीची, महाराजांसमोर आज शेवटची बैठक होती.

अबोलीला फिट्स यायच्या. गोळी सुरू झाल्यापासून त्या जवळजवळ थांबल्या होत्या, पण गोळीने तिला पेंग यायची. वर्गात डोळे मिटायचे, मार्क घसरले होते. डॉक्टर म्हणाले होते, डोस बदलून बघू, पण अजून काही वर्षं औषध घ्यावंच लागेल. त्या 'काही वर्षं'ने सिद्धांतचा आणि त्याच्या बायकोचा, रसिकाचा, धीर सुटला. रसिकाच्या ऑफिसात कुणीतरी महाराजांचं नाव काढलं, आणि धीर सुटलेल्या माणसाला नाव पुरतं.

"तू आधी बघ, मग बोल," सिद्धांत येताना गाडीत म्हणाला होता. "मी पण इंजिनिअर आहे, ताई. पहिल्या बैठकीला पान ठिपक्यांनी भरलं होतं. दुसऱ्या बैठकीला अर्धे ठिपके गेले. डेटा आहे यार."

म्हणून ती बघत होती.

अबोलीला पाटावर बसवलं. निळ्या कुर्त्यातल्या सेविकेने परडीतलं एक पान तिच्या मुठीत दिलं. मंत्र संपल्यावर तेच पान कपाळावर ठेवून वरून पांढरा फडका बांधला. ढोलक वाजली, झांजा वाजल्या, महाराज हुंकारले. मग सेविकेने फडका पानासकट सोडवून तांब्याच्या घड्यात, गंगाजलात बुडवला. घडा महाराजांच्या मांडीजवळच होता. महाराजांनी डोळे मिटले, कोपरापर्यंत हात घड्यात घातला, जरा वेळ आत काहीतरी चिवडलं आणि ओला फडका बाहेर काढून उलगडला. पान पाटीवर ठेवलं.

पडद्यावर नितळ हिरवं पान होतं. त्यावर एकही ठिपका नव्हता.

सभागृह उसळलं. रसिका दोन्ही हात तोंडावर धरून हुंदके देत होती. सिद्धांत फोनवर चित्रण करत होता.

"बिटिया मुक्त हुई," महाराज म्हणाले. "अब माँ सुने. घर साफ हो गया. साफ घर में जहर नहीं डालते. ये जो गोली है ना, दोष इसी की पीठ पर बैठकर लौटता है."

आसनाच्या उजव्या हाताला एक मोठी पितळी परात होती. तिच्यात गोळ्यांची पाकिटं, दम्याचे पंप, इन्सुलिनची पेनं, कुणाकुणाची अर्धी संपलेली बाटली. लोकांनी वाहिलेली औषधं. रसिकाने पर्समधून अबोलीच्या गोळ्या काढल्या आणि परातीत टाकल्या.

नीरजा भिंत सोडून पुढे निघाली. सिद्धांतने तिचा दंड धरला. "ताई, इथे तमाशा नको. प्लीज."

परतताना गाडीत मात्र तिने तोंड उघडलं. "ही गोळी अशी एका दिवसात तोडायची नसते. कमी करायची तरी डॉक्टर हळूहळू करतात. एकदम बंद केली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. आत्ता औषधाच्या दुकानाशी थांब आणि नवी पट्टी घे."

"महिनाभर बघू," सिद्धांत म्हणाला.

"कुणावर बघणार आहेस? तिच्यावर?"

"तू स्वतः पान बघितलंस ना? त्यावर बोल."

"पानाचं मला अजून कळलेलं नाही. गोळीचं कळतं."

"कळलेलं नाही ना? मग झालं तर."

रसिका पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाली, "ताई, रात्री उशाशी बसून तिचा श्वास मोजावा लागत नाही ना तुम्हाला. तुम्हाला बोलणं सोपं आहे."

नीरजाशेजारी अबोली खिडकीबाहेर बघत बसली होती. ती सगळं ऐकत होती, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं.

पुढचे काही दिवस नीरजाने फोन केले, वर्तमानपत्रातली कात्रणं पाठवली, डॉक्टरांना परस्पर फोन करते अशी धमकीही दिली. सिद्धांतने फोन उचलणं बंद केलं. आणि एका दुपारी, ती प्रयोगशाळेत मुलांकडून कांद्याचा पापुद्रा काढून घेत असताना, त्याचाच फोन आला. तो धड बोलू शकत नव्हता.

अबोली अंघोळीला गेली होती. आतून आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग दारावर काहीतरी आपटत राहिल्याचा. रसिकाने सोसायटीच्या गार्डला बोलावून दार फोडून घेतलं. फिट थांबत नव्हती. एक संपतेय म्हणेपर्यंत दुसरी. गाडीत तशीच, हॉस्पिटलच्या दारात तशीच.

नीरजा पोचली तेव्हा अबोली अतिदक्षता विभागात होती. कपाळावर टाके, पुढचा एक दात तुटलेला, हातापायांना नळ्या. तातडीच्या विभागातली तरुण डॉक्टर बाहेर आली. फिट आटोक्यात आल्याचं आधी सांगितलं, मग कागदावरून नजर न उचलता विचारलं, "दवाई किसने बंद की?"

रसिका म्हणाली, "एक महाराज हैं..."

"पत्ते वाले?" डॉक्टरने आता वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, नुसता थकवा होता. "इस महीने ये पहली नहीं है."

नीरजाने भावाला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं. तिचा आवाज चढला नाही, पण लहानपणापासून तिला ओळखणारा सिद्धांत दोन पावलं मागे सरकला.

"डेटा म्हणाला होतास ना. आता हा डेटा घे. आत पडलाय, नळ्या लावून. त्या भोंदूला मी काय म्हणू, तो भोंदूच आहे, त्याचा धंदाच तो. तू कोण आहेस? दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतोस आणि स्वतःच्या मुलीचं औषध परातीत टाकताना व्हिडिओ काढतोस?"

भिंतीला टेकून सिद्धांत खाली बसला. नीरजाने त्याला उठवलं नाही. त्या घटकेला तिला त्याची दया येत नव्हती.

अबोलीला तिसऱ्या दिवशी साध्या खोलीत हलवलं. तुटक्या दातामुळे बोबडं बोलत होती, पण शुद्धीवर होती. आईबाप चहाला गेल्याचं बघून ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? मम्माला नको सांगू. ती रडेल."

"सांग."

"ते पत्ता... पान. लास्ट टाइम त्या दीदीने हातात दिलं ना, तर मी त्याच्या दांडीला नाखून मारला होता. जोरात. असंच, बोअर होत होतं म्हणून. मग महाराजांनी पाण्यातून काढलं, तर त्याला निशाणच नव्हतं."

"तू नीट बघितलंस?"

"बिल्कुल. माझ्या नाकासमोरच होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, राणी?"

अबोलीने खांदे उडवले. "मला कोणी विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी नीरजा सिद्धांतच्या घरी गेली. देवघरात अबोलीची तीन पानं लॅमिनेट करून ओळीने लावली होती: भरलेलं, अर्धं, कोरं. प्रसाद म्हणून मिळालेली. तिने ती काढून घेतली आणि ठिपक्यांचं पान बाल्कनीत नेऊन मावळतीच्या उजेडावर धरलं. पडद्यावर राक्षसाएवढं बघताना जे ओळखू आलं नव्हतं, ते बोटांच्या चिमटीत धरल्यावर ओळखू आलं.

मुळशीच्या रानात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, त्यांच्या बाईंनी असंच एक पान तोडून उन्हावर धरलं होतं. झाड पापटाचं. पांढऱ्या फुलांचं, माणसाच्या उंचीचं झुडूप. "हे ठिपके म्हणजे रोग समजू नका," बाई म्हणाल्या होत्या. "या पानात भाडेकरू राहतात." आपण वनस्पतिशास्त्रच करायचं हे नीरजाचं त्या दिवशी पक्कं झालं होतं. दिल्लीकडे पापट सहसा दिसत नाही, म्हणून इतक्या वर्षांत विसरायला झालं. आणि आता तेच पान एका भामट्याने तिच्या भाचीच्या कपाळावर बांधलं होतं. नीरजाचे कान तापले. चोर घरात शिरून काही घेऊन गेला, एवढ्यावर भागलं नव्हतं. आईचंच मंगळसूत्र नेऊन त्याने जणू कुणाचा तरी गळा आवळला होता.

साधना नावाची तिची वर्गमैत्रीण देहराडूनला असते. तिकडच्या सालवृक्षांच्या जंगलात पापट उगवतो. साधनाने ओल्या गोणपाटात गुंडाळून फांद्या बसने पाठवल्या. नीरजाने त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या आणि सिद्धांत-रसिकाला तिथे बोलावलं. एका ठिपक्यातून पातळ काप काढला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बघ."

सिद्धांत वाकला. "हे काय आहे? तांदळाच्या कण्या खच्चून भरल्यासारख्या."

"जिवाणू. तुझ्या मुलीचे दोष."

नीरजा सांगत राहिली. या झाडाच्या कोंबाच्या टोकाशी एक चिकट द्रव असतो, त्यात हे जिवाणू राहतात. इवलंसं पान उलगडायच्या आधीच त्याच्या श्वास घेण्याच्या छिद्रांतून ते आत शिरतात. पान त्यांच्याभोवती पेशींची खोली बांधतं. ती खोली म्हणजे हा ठिपका. झाडाच्या बीमध्येही ते असतात, म्हणजे आईकडून लेकराला मिळाल्यासारखे पुढच्या पिढीत जातात. जिवाणू मारून असलं झाड वाढवायला गेलं तर रोप खुरटतं.

"म्हणजे पान..." रसिकाने विचारलं, "कपाळावर ठेवायच्या आधीच..."

"आधीच. झाडावर होतं तेव्हापासून."

"आणि दुसऱ्या वेळचं अर्धं?"

"सगळ्या पानांवर सारखे ठिपके नसतात. कमी असलेली निवडून ठेवायची."

तिने देवघरातलं कोरं पान पुढे ठेवलं. "हा मोठ्या पानांचा एक्झोरा आहे. बागेत लावतात तो. दोघंही कॉफीच्या कुळातले, चुलतभाऊच. याच्यात भाडेकरू नसतात. ओल्या फडक्यातून निघालेलं पान लांबून कोण ओळखणार? घड्यात एक फडका आधीच तयार असतो, एक्झोरा गुंडाळलेला. अबोलीचा आत जातो, तो बाहेर येतो." मग तिने अबोलीच्या नखाची गोष्ट सांगितली.

सिद्धांत आता सरळ उभा राहिला होता. चेहरा राखेसारखा. "कपाळावर ठेवायच्या आधी त्याने एकही पान दिव्यावर ठेवलं नाही," तो म्हणाला. "कुणाचंच नाही. आधीचं रीडिंगच नाही. माझ्या टीममधल्या नव्या पोरानं असा रिपोर्ट आणला असता ना, तर मी त्याला केबिनबाहेर काढला असता."

रसिका तोपर्यंत स्टुलावर बसून ते लॅमिनेट केलेलं पान हातात फिरवत होती. "मला त्यांच्या ऑफिसातून फोन आलाय," ती म्हणाली. "रविवारी अनुभव सांगायला बोलावलंय. स्टेजवर. अबोलीचं त्यांना काही माहीत नाही." मग म्हणाली, "मी येते म्हणून सांगितलंय."

रविवारी सभागृह गच्च होतं. महाराजांनी नुकतंच एका म्हाताऱ्या सरदारणीला मुक्त केलं होतं. गुडघ्याचे दोष गेले होते, पडद्यावर कोरं पान झळकत होतं. मग रसिकाला बोलावलं. तिने माइक हातात घेतला.

"मेरी बेटी अस्पताल में है," ती म्हणाली.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"आपने गोली बंद करवाई. वो बाथरूम में गिरी. उसका दात टूटा है, माथे पर टाके हैं. डॉक्टर ने कहा, थोड़ी देर और होती तो..."

महाराज त्या धंद्यात मुरलेले होते. चेहऱ्यावरची कणव जराही न हलवता ते म्हणाले, "माँ के मन में शंका आई होगी. शंका की दरार से दोष लौट आता है."

"शंका नहीं थी," रसिका म्हणाली. "जरा सी भी नहीं थी. इसी लिए तो गिरी."

तोवर नीरजा पायऱ्या चढून वर आली होती. तिने पिशवीतून पापटाची फांदी काढली, सगळ्यांसमोर एक पान तोडलं आणि थेट काचेवर ठेवलं. पडद्यावर ठिपके. दुसरं तोडलं. ठिपके. तिसरं.

"हे झाड डोंगराखालच्या जंगलात उभं होतं," ती हिंदीत बोलत होती, वर्गात बोलते तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "तिथे याच्याखाली कुणाचं कपाळ नव्हतं. मग हे कुणाचे दोष आहेत? जंगलातल्या माकडांचे?"

कुणीतरी खाली हसलं. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, धर्म का अपमान मत करो."

"धर्माबद्दल मी एक शब्दही बोललेले नाही. मी पानाबद्दल बोलतेय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही या, यांच्याच परडीतलं पान उचला, आणि मंत्राआधी काचेवर ठेवा."

मग पुढच्या रांगेतून एक माणूस उठला. तोच, ओळखपत्रवाला, आपल्या दोषांवर रडलेला. सेविकेने परडी मागे ओढली, पण त्याने वाकून एक पान घेतलंच. काचेवर ठेवलं. ठिपके. त्याने दुसरं ठेवलं. मग तो पडद्याकडे पाठ करून नुसताच उभा राहिला.

"अब घड़ा," सिद्धांत म्हणाला.

सेविका आडवी आली. महाराज म्हणाले, पवित्र जलाला परक्या हाताचा स्पर्श चालत नाही. सिद्धांतने दोन्ही हातांनी घडा उचलला आणि व्यासपीठावर उपडा केला. पाण्याबरोबर एक पांढरा फडका थपकन पडला. रसिकाने तो उलगडला. आत पान होतं. तिने ते काचेवर ठेवलं आणि सरदारणीच्या कपाळावरून गेलेलं खरं पान, ठिपक्यांनी भरलेलं, भिंतीवर पसरलं.

"ये तो मेरा होगा," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तो फिर वो साफ वाला किसका था?"

याला उत्तर द्यायला महाराज तिथे नव्हते. त्यांना अचानक समाधी लागली होती आणि समाधीत ते मागच्या दाराने चालत गाडीपर्यंत गेले होते. आठदहा माणसं त्यांच्यामागे धावली. बाकीची परातीवर तुटून पडली. कुणी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधत होतं, कुणी नवऱ्याचं औषध. नीरजा मधे जाऊन उभी राहिली. "यातलं काहीही तोंडात टाकू नका. कुणाचं कुणाला जाईल. आत्ता आपापल्या डॉक्टरकडे जा. काय बंद केलं, कधी बंद केलं, ते लाज न बाळगता सांगा." ओळखपत्रवाला खुर्चीत बसून घाम पुसत होता. परवापासून त्याने इन्सुलिन घेतलं नव्हतं. सिद्धांतने त्याला हाताला धरून आपल्या गाडीत घातलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

सरदारणी मागे राहिली होती. तिने नीरजाला विचारलं, "बेटा, वो जो अंदर रहते हैं, वो पत्ते का करते क्या हैं?"

नीरजाला त्या सगळ्या गोंधळात पहिल्यांदाच बरं वाटलं. "पूर्ण माहीत नाही, माताजी. आधी वाटायचं की ते हवेतून खत बनवून देतात. आता काही झाडांत असं दिसलंय की ते किड्यांना नकोसं वाटणारं रसायन तयार करतात. पापटात नक्की काय, ते अजून शोधताहेत."

"पता नहीं, ऐसा तो वो कभी नहीं बोला," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघाली.

पोलीस चौकीतला फौजदार आधी म्हणाला, मॅडम, पान दाखवणं गुन्हा नाही. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो इथे नाही. पण नीरजाने शोधून काढलं होतं की जादूने आजार बरे करतो अशी जाहिरात करण्याविरुद्ध देशभराचा जुना कायदा आहे, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मिरगी, म्हणजे फिट्सचा आजारही आहे. नीरजाने महाराजांचं 'मिरगी से मुक्ति' छापलेलं पत्रक टेबलावर ठेवलं, तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने लेखी जबाब दिला, आणि फौजदाराला तक्रार घ्यावी लागली. महाराजांना अटक झाली, जामीनही झाला. सभागृहात आता पुन्हा लग्नं लागतात.

अबोलीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी औषध बदललं, पेंग थोडी कमी झाली. आजार मात्र गेलेला नाही, आणि जाईल असं वचन कुणी दिलेलं नाही. सिद्धांत आता तिला दर वेळी विचारतो, तुला कसं वाटतंय, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. नीरजाने त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. ती तसं सांगतेही.

महाराज दुसऱ्या गावी दुसरं पान घेऊन बसतील. पान नसेल तर पाणी असेल, राख असेल, आणखी काही असेल. सगळ्यांच्या सगळ्या युक्त्या आपल्याला कशा कळणार? नाही कळल्या तरी चालेल. नीरजालाही त्या दिवशी गाडीत ठिपक्यांचं कोडं सुटलं नव्हतं, पण औषध बंद करू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. चमत्कार उलगडत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं, त्यात कमीपणा नाही. मंत्राच्या आधीचं पान बघायला मागावं. ज्याच्या अंगावर प्रयोग चाललाय त्याला विचारावं. आणि कुणीही, कितीही गोड आवाजात, आजारी माणसाची गोळी टाकून दे म्हणाला, तर त्याला एकच विचारावं: उद्या हे लेकरू बंद दारामागे पडलं, तर दार फोडायला तू येणार आहेस का?